उपसर्ग म्हणजे संख्या : मेट्रिक पद्धतीतील लांबीच्या एककांचे रूपांतर कसे करावे

वाण्याकडे "दोन किलो साखर द्या" असे सांगणारा माणूस खरे तर अर्धाच शब्द उच्चारत असतो. किलो हे वजनाचे नाव नाही; त्याचा अर्थ "हजार" एवढाच आहे आणि त्यापुढचा ग्रॅम हा शब्द रोजच्या बोलण्यात गळून पडला आहे. लांबीची एकके एकमेकांत बदलताना शाळकरी मुलांची, आणि घरकाम काढले की मोठ्यांचीही, जी तारांबळ उडते तिचे मूळ मला इथेच दिसते. किलो, सेंटी, मिली हे शब्द आपण नावाचा भाग म्हणून ऐकतो, संख्या म्हणून ऐकत नाही. मग "मोठ्याचे लहान करताना गुणावे, लहानाचे मोठे करताना भागावे" हा नियम पाठ करावा लागतो आणि ऐन वेळी तो उलटा आठवतो. पुढील विवेचनात हा नियम मी जवळजवळ वापरणार नाही, कारण उपसर्गाचा अर्थ कळला की त्याची गरजच उरत नाही.

सात शब्द आणि त्यांची सात स्थाने

लांबीचे मूळ एकक मीटर आहे. त्याच्या अलीकडे लागणारे नेहमीचे सहा उपसर्ग आणि उपसर्ग नसलेला मीटर अशी सात एकके उतरत्या क्रमाने पुढीलप्रमाणे होतात.

किलोमीटर (किमी) : १००० मीटर : हजार
हेक्टोमीटर (हेमी) : १०० मीटर : शतक
डेकामीटर (डेकामी) : १० मीटर : दशक
मीटर (मी) : १ मीटर : एकक
डेसीमीटर (डेसीमी) : ०.१ मीटर : दशांश
सेंटीमीटर (सेमी) : ०.०१ मीटर : शतांश
मिलीमीटर (मिमी) : ०.००१ मीटर : सहस्रांश

शेवटच्या रकान्यातील शब्द प्राथमिक शाळेत संख्येची स्थानिक किंमत शिकताना सर्वांनी घोकलेले असतात, आणि या लेखात लक्षात ठेवण्याजोगी एकच गोष्ट असेल तर ती हा रकाना आहे. हजार, शतक, दशक, एकक, दशांश, शतांश, सहस्रांश ही स्थाने ज्याला येतात त्याला मेट्रिक रूपांतर आधीच येते. फक्त त्या स्थानांना दुसरी नावे दिलेली आहेत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे, या विधानातील १ हा अंक किलोमीटरच्या घरात, ६ हेक्टोमीटरच्या, ४ डेकामीटरच्या आणि शेवटचा ६ मीटरच्या घरात बसलेला आहे. ही उंची किलोमीटरमध्ये सांगायची म्हणजे दशांशचिन्ह किलोमीटरच्या घरानंतर ठेवायचे : १.६४६ किमी. अंक जागचे हललेले नाहीत. कोणत्या घराला "एक" म्हणायचे एवढेच आपण बदलले.

ही नावे फ्रान्समध्ये १७९५ च्या कायद्याने ठरली. मोठ्या एककांसाठी ग्रीक आणि लहान एककांसाठी लॅटिन शब्द घ्यावेत असा तेव्हाचा संकेत होता, म्हणून किलो, हेक्टो, डेका हे ग्रीक आणि डेसी, सेंटी, मिली हे लॅटिन आहेत. मराठी वाचकाला यांतले काही शब्द परके वाटण्याचे कारण नाही, कारण संस्कृतातील "दश" आणि डेका-डेसी, तसेच "शत" आणि सेंटी ही एकाच मूळ भाषाकुळातील भावंडे आहेत. मिली मात्र थोडा फसवा आहे. लॅटिनमध्ये त्याच्या मूळ शब्दाचा अर्थ "हजार" असाच होतो, पण मेट्रिक पद्धतीत तो हजाराव्या भागासाठी योजला आहे, आणि हा निव्वळ संकेत असल्यामुळे तो तसाच लक्षात ठेवावा लागतो.

पहिली रीत : उपसर्गाच्या जागी संख्या ठेवणे

ही रीत सर्वांत खात्रीची आहे, कारण तिच्यात काहीही पाठ करावे लागत नाही. दिलेल्या मापातील उपसर्ग खोडून त्याच्या जागी त्याची संख्या लिहावी, म्हणजे माप मीटरमध्ये मिळते. मग हव्या असलेल्या एककाचे किती तुकडे त्या मीटरमध्ये मावतात ते पाहावे.

समजा, ३.७ किमी अंतर मीटरमध्ये हवे आहे. किलोच्या जागी हजार लिहिले की ३.७ × १००० मीटर, म्हणजे ३७०० मीटर झाले. ६४ मिमी जाडीचे मीटर करायचे असतील तर मिलीच्या जागी हजारावा भाग लिहावा : ६४ × ०.००१ मीटर, म्हणजे ०.०६४ मीटर.

दोन्ही एककांना उपसर्ग असतील तर मध्ये मीटरवर थांबावे. भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेज मार्गावरील दोन रुळांमधील अंतर १६७६ मिमी असते. ते सेंटीमीटरमध्ये किती, हे पाहू. आधी १६७६ × ०.००१ = १.६७६ मीटर. एका मीटरमध्ये शंभर सेंटीमीटर असतात, म्हणून १.६७६ × १०० = १६७.६ सेमी. माथेरानच्या छोट्या गाडीच्या रुळांमध्ये ६१० मिमी अंतर आहे, म्हणजे ०.६१ मीटर किंवा ६१ सेमी. मीटरगेज या नावात तर उत्तरच दिलेले आहे : १००० मिमी. सरावलेला माणूस मीटरवरचा हा थांबा मनातल्या मनात घेतो किंवा गाळतो, पण नवशिक्याने तो कागदावर घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण चुका नेमक्या हा थांबा गाळताना होतात.

उत्तर आले की ते पडताळून पाहावे, आणि त्यासाठी पाचशेच्या नोटेची मोड आठवावी. पाचशेची एक नोट देऊन दहाच्या नोटा घेतल्या तर हातात पन्नास नोटा येतात. नोट लहान झाली की नोटांची संख्या वाढते, रक्कम तेवढीच राहते. लांबीचेही तसेच आहे. एकक लहान झाले असेल तर संख्या मोठी झालीच पाहिजे आणि एकक मोठे झाले असेल तर संख्या लहान झालीच पाहिजे. १६७६ मिमीचे १,६७,६०० सेमी असे उत्तर कोणी काढले तर आकडेमोड न तपासताही ते चूक ठरवता येते, कारण मिलीमीटरपेक्षा सेंटीमीटर मोठा असूनही संख्या वाढलेली आहे.

दुसरी रीत : पायऱ्या मोजणे

वर दिलेली सात एकके एका जिन्याच्या सात पायऱ्या समजाव्यात. दर दोन पायऱ्यांत दहापटीचा फरक असल्यामुळे एक पायरी खाली उतरताना दशांशचिन्ह एक घर उजवीकडे सरकते आणि एक पायरी वर चढताना एक घर डावीकडे सरकते. हेक्टोमीटरवरून सेंटीमीटरपर्यंत डेकामीटर, मीटर, डेसीमीटर, सेंटीमीटर अशा चार पायऱ्या उतराव्या लागतात, म्हणून ०.८५ हेमीमधील चिन्ह चार घरे उजवीकडे नेऊन ८५०० सेमी असे उत्तर मिळते. ७ मिमीचे मीटर करताना तीन पायऱ्या चढायच्या असतात; चिन्ह दिसत नसले तरी ते सातच्या उजवीकडे आहे असे मानून तीन घरे डावीकडे न्यावे आणि रिकाम्या घरांत शून्ये भरावीत : ०.००७ मीटर.

पायऱ्या मोजताना आपण ज्या पायरीवर उभे आहोत ती मोजायची नसते. वाक्य साधे दिसते, पण या रीतीतील बहुतेक चुका एका घराच्याच असतात आणि त्या इथूनच येतात. बोट पहिल्या एककावर ठेवून "एक" न म्हणता, ते पुढच्या एककावर नेताना "एक" म्हणावे.

पाच मीटर आठ सेंटीमीटर

आता मला सर्वांत जास्त आढळलेल्या चुकीकडे येऊ. ५ मी ८ सेमी हे माप दशांश अपूर्णांकात लिहायला सांगितले की निम्मे लोक ५.८ मी असे लिहितात. वास्तविक ५.८ मी म्हणजे पाच मीटर ऐंशी सेंटीमीटर. डेसीमीटर आपण व्यवहारात वापरत नाही, त्यामुळे त्याचे घर आहे हेच विसरले जाते आणि आठ हा अंक शतांशाऐवजी दशांशाच्या घरात जाऊन बसतो. योग्य उत्तर ५.०८ मी आहे.

गंमत अशी की हीच चूक पैशांच्या बाबतीत कोणी करत नाही. पाच रुपये आठ पैसे ही रक्कम ५.०८ अशीच लिहिली जाते. भारतात १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे झाले. पैसा आणि सेंटीमीटर हे आपापल्या कुटुंबात एकाच नात्याचे आहेत. म्हणून मीटर व सेंटीमीटर एकत्र आले की मनात रुपये-पैसे म्हणून पाहावे. किलोमीटर व मीटर एकत्र आले तर मात्र मीटरसाठी तीन घरे लागतात : ३ किमी ४५ मी म्हणजे ३.०४५ किमी, आणि ३ किमी ५ मी म्हणजे ३.००५ किमी.

मिश्र मापांची बेरीज करायची असेल तर ती आधी एकाच एककात आणावीत. २ मी ७५ सेमी आणि १ मी ४८ सेमी यांची बेरीज २.७५ + १.४८ = ४.२३ मी, म्हणजे ४ मी २३ सेमी. फूट-इंचांत हीच बेरीज करताना बाराचे हातचे सांभाळावे लागतात, यार्डात गेल्यावर तिनाचे आणि मैलात गेल्यावर १७६० चे. दशमान पद्धतीचा सारा फायदा या एका बेरजेत दिसतो.

कापडाच्या दुकानातला हिशेब तर मराठीत तोंडीच होतो. पाऊण मीटर म्हणजे ७५ सेमी, सव्वा मीटर १२५, दीड १५०, पावणेदोन १७५, अडीच २५० आणि साडेतीन ३५० सेमी. पाव, अर्धा, पाऊण हे शंभराचे सरळ भाग असल्यामुळे इथे कागद लागत नाही. साडीच्या नावांत मात्र जुने माप टिकून आहे. नऊवारीतला वार म्हणजे यार्ड, आणि एक यार्ड काटेकोरपणे ०.९१४४ मीटर असतो. त्या हिशेबाने नऊ वार सुमारे ८.२३ मीटर आणि सहा वार सुमारे ५.४९ मीटर होतात. नऊवारी म्हणून नऊ मीटर कापड धरणाऱ्याचा अंदाज पाऊण मीटरहून अधिक चुकतो.

तिसरी रीत : एककांची काटछाट

जिथे एकाहून अधिक पायऱ्यांचा हिशेब असतो, किंवा मेट्रिकमध्ये मेट्रिकबाहेरचे माप मिसळलेले असते, तिथे ही रीत उपयोगी पडते. १ मी आणि १०० सेमी ही एकच लांबी आहे, म्हणून (१ मी ÷ १०० सेमी) या अपूर्णांकाची किंमत एक असते आणि कोणत्याही मापाला एकाने गुणले तरी ते बदलत नाही. नको असलेले एकक छेदात आणि हवे असलेले एकक अंशात येईल असा अपूर्णांक निवडावा. नको असलेले एकक वर-खाली कटते आणि हवे ते उरते. अपूर्णांक उलटा घेतला गेला असेल तर एकके कटतच नाहीत, म्हणजे चूक आपणहून दिसते.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना परिचित असलेले भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे घ्या. नकाशावर दोन ठिकाणांमधील वाट दोरा लावून मोजली आणि ती ७.४ सेमी भरली. प्रमाणाचा अर्थ असा की जमिनीवरील अंतर त्याच्या ५०,००० पट आहे, म्हणून ते ७.४ × ५०,००० = ३,७०,००० सेमी. हा आकडा बरोबर असला तरी चालणाऱ्याच्या कामाचा नाही. ३,७०,००० सेमी × (१ मी ÷ १०० सेमी) = ३७०० मी, आणि ३७०० मी × (१ किमी ÷ १००० मी) = ३.७ किमी. पुढच्या वेळेसाठी एवढेच ध्यानात ठेवावे की या नकाशावर एक सेंटीमीटर म्हणजे ५०० मीटर आणि दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर. अर्थात हे अंतर आडव्या प्रतलातले आहे; चढ-उतार जितका तीव्र तितकी प्रत्यक्ष चाल अधिक होते.

इंच आणि फूट मेट्रिकमध्ये आणतानाही हीच रीत वापरावी. १ इंच काटेकोरपणे २५.४ मिमी आणि १ फूट ३०४.८ मिमी असतो. प्लायवूडचा आठ बाय चार फुटांचा तक्ता २४४० × १२२० मिमी असा लिहिला जातो, तो ८ × ३०४.८ = २४३८.४ आणि ४ × ३०४.८ = १२१९.२ हे आकडे सोयीसाठी वर ओढून.

बांधकामात मिलीमीटरच का

शाळेत सेंटीमीटरची पट्टी वापरलेल्या माणसाला अभियंत्याच्या आराखड्यावर ३६०० असा आकडा दिसला की तो क्षणभर गोंधळतो. बांधकामाच्या आणि यंत्रांच्या आराखड्यांत सर्व मापे मिलीमीटरमध्ये देण्याची पद्धत आहे, आणि तिच्यामागचे कारण व्यावहारिक आहे : मिलीमीटरमध्ये लिहिले की दशांशचिन्हाची गरज बहुधा उरत नाही. मळलेल्या, घडी पडलेल्या कागदावरचा एक ठिपका पुसला गेला तर ३.६ चे ३६ होऊ शकतात. ३६०० ला ती भीती नाही. अशा आकड्याचे मीटर करायचे म्हणजे शेवटचे तीन अंक चिन्हाच्या उजवीकडे ठेवायचे : ३.६०० मी.

सळईचा हिशेब हे याचे चांगले उदाहरण आहे. बाजारात लोखंडी सळया साधारणपणे १२ मीटर लांबीच्या मिळतात आणि आराखड्यात तुकड्याचे माप ८५० असे मिलीमीटरमध्ये दिलेले असते. भागाकार करण्याआधी दोन्ही मापे एका एककात आणली पाहिजेत. १२ मी म्हणजे १२,००० मिमी, आणि १२,००० ÷ ८५० केल्यावर १४ तुकडे निघून १०० मिमी, म्हणजे १० सेमी, शिल्लक राहते. १२ ला थेट ८५० ने भागू पाहणारा कोणी असणार नाही असे वाटते, पण गणकयंत्र हातात असले की माणूस एककांकडे न पाहता आकडे दाबत जातो.

कामावरचे मिस्त्री सळईची जाडी अजून सुतात सांगतात. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणून एक सूत ३.१७५ मिमी. त्या हिशेबाने तीन सूत ९.५ मिमीच्या आसपास येते आणि त्याला आज १० मिमीची सळई म्हणतात. चार सूत १२.७ मिमी येते आणि त्याला १२ मिमीची म्हणतात. म्हणजे पहिल्या बाबतीत सळई सुताच्या मापापेक्षा किंचित जाड आणि दुसऱ्या बाबतीत किंचित बारीक असते. बोलण्यात हे चालून जाते, परंतु मागणी नोंदवताना मिलीमीटरच लिहावेत.

मिलीच्या खाली आणि किलोच्या वर

किलो ते मिली या पट्ट्यात दर पायरीला दहापट फरक असतो. त्याबाहेर पायऱ्या एकदम मोठ्या होतात आणि प्रत्येक पायरी हजारपटीची असते. मिलीमीटरच्या खाली मायक्रोमीटर, त्याखाली नॅनोमीटर आणि त्याखाली पिकोमीटर येतो; १ मिमी = १००० मायक्रोमीटर आणि १ मायक्रोमीटर = १००० नॅनोमीटर. वरच्या बाजूला किलोनंतर मेगा, गिगा आणि टेरा येतात. दशांशचिन्ह इथे दर पायरीला तीन घरे सरकते. जिन्याची रीत पाठ केलेला विद्यार्थी मिलीवरून मायक्रोवर जाताना सवयीने एकच घर सरकवतो आणि उत्तर शंभर पटींनी चुकवतो.

मायक्रोमीटर हा दूरचा प्राणी नाही. साध्या कागदाच्या पाचशे पानांच्या गठ्ठ्याची जाडी सुमारे ५ सेमी भरते. एका पानाची जाडी ५ ÷ ५०० = ०.०१ सेमी, म्हणजे ०.१ मिमी, म्हणजे १०० मायक्रोमीटर. यालाच लोक १०० मायक्रॉन म्हणतात. मायक्रॉन हे मायक्रोमीटरचे जुने नाव असून आंतरराष्ट्रीय पद्धतीतून ते केव्हाच काढून टाकले आहे, पण बाजारात आणि सरकारी नियमांतही ते सुखाने नांदते आहे. केंद्राच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी प्लास्टिकच्या कॅरीबॅगची किमान जाडी ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन ठरवली. १२० मायक्रोमीटर म्हणजे ०.१२ मिमी, म्हणजे वरच्या कागदापेक्षा थोडी अधिक जाडी.

प्रकाशाच्या लहरी याहून लहान असतात. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी जांभळ्या टोकाला सुमारे ४०० आणि तांबड्या टोकाला सुमारे ७०० नॅनोमीटर असते. मधल्या हिरव्या प्रकाशाचे ५५० नॅनोमीटर म्हणजे ०.५५ मायक्रोमीटर, म्हणजे ०.०००५५ मिमी. एवढी शून्ये लिहिताना एखादे सुटतेच. म्हणून उपसर्ग नेहमी असा निवडावा की आकडा १ ते १००० यांच्या दरम्यान राहील. दोन उपसर्ग एकापुढे एक लावण्यास मात्र मनाई आहे : मिलीमायक्रोमीटर असे लिहू नये, नॅनोमीटर लिहावे.

मोठ्या आकड्यांत मराठी वाचकासाठी एक खास खड्डा आहे. उपसर्ग तीन-तीन शून्यांनी वाढतात, पण आपले स्वल्पविराम हजारानंतर दोन-दोन अंकांनी पडतात. त्यामुळे मेगा म्हणजे दहा लाख, गिगा म्हणजे शंभर कोटी आणि टेरा म्हणजे एक लाख कोटी. लाख किंवा कोटी यांच्याशी नेमका जुळणारा उपसर्गच नाही. चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० किमी आहे. ते मीटरमध्ये ३८,४४,००,००० आणि मेगामीटरमध्ये ३८४.४ होते. स्वल्पविराम पाहून घरे मोजणाऱ्याची इथे फसगत होते; रूपांतर करताना स्वल्पविराम काढून टाकावेत आणि उत्तर मिळाल्यावरच आपल्या पद्धतीने पुन्हा घालावेत. मेगामीटर हा शब्द व्यवहारात कोणी वापरत नाही, हे खरे. पण रोमन लिपीतील चिन्हे वाचताना त्याची आठवण ठेवावी लागते, कारण तिथे छोट्या लिपीतला एम मिलीसाठी आणि मोठ्या लिपीतला एम मेगासाठी आहे आणि त्या दोहोंत शंभर कोटी पटींचा फरक आहे.

सातबारावरचा डेकामीटर

डेकामीटर आणि हेक्टोमीटर ही एकके पाठ्यपुस्तकाबाहेर कुठे भेटत नाहीत अशी तक्रार मुले करतात. ती भेटतात, पण वेषांतर करून. त्यासाठी क्षेत्रफळाकडे वळले पाहिजे.

लांबीचे एकक चौरस झाले की उपसर्गही चौरस होतो. १ मी = १०० सेमी, म्हणून १ चौरस मीटर = १०० × १०० = १०,००० चौरस सेंटीमीटर; शंभर नव्हे. एक मीटर बाजूच्या चौरसात एका ओळीत शंभर आणि अशा शंभर ओळी बसतात, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. जिन्यावर दर पायरीला आता एकाऐवजी दोन घरे सरकतात.

दहा मीटर, म्हणजे एक डेकामीटर, बाजूच्या चौरसाचे क्षेत्रफळ १०० चौरस मीटर होते आणि त्यालाच आर म्हणतात. शंभर मीटर, म्हणजे एक हेक्टोमीटर, बाजूच्या चौरसाचे क्षेत्रफळ १०,००० चौरस मीटर होते आणि तो हेक्टर. हेक्टर या शब्दाची फोडच हेक्टो अधिक आर, म्हणजे शंभर आर, अशी आहे. महाराष्ट्रात शेतजमिनीच्या सातबारावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर या क्रमाने लिहिले जाते. तिथे १.२५.५० अशी नोंद असेल तर ती १ हेक्टर २५ आर ५० चौरस मीटर अशी वाचावी, आणि तिचे १०,००० + २५०० + ५० = १२,५५० चौरस मीटर होतात. दोन टिंबे असली तरी हा दशांश अपूर्णांकच आहे. पहिले टिंब ठेवून दुसरे काढले की १.२५५० हेक्टर मिळतात. सेंटीमीटरच्या बाबतीत सांगितलेली रिकाम्या घराची चूक इथे महाग पडते : ५ आर म्हणजे ०.०५ हेक्टर, ०.५ हेक्टर नव्हे. पहिले क्षेत्र ५०० चौरस मीटर आहे आणि दुसरे ५०००. तुलनेसाठी, एक एकर सुमारे ४०.४७ आर आणि एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक आर होतो.

नकाशाचे उदाहरण इथे पुन्हा घेता येते. १:५०,००० च्या नकाशावरील १ चौरस सेंटीमीटर म्हणजे ५०० मी × ५०० मी = २,५०,००० चौरस मीटर, म्हणजे २५ हेक्टर.

घनफळात उपसर्ग तीनदा गुणला जातो. १ घनमीटर म्हणजे १० × १० × १० = १००० घन डेसीमीटर, आणि १ घन डेसीमीटर म्हणजेच १ लीटर. व्यवहारातून हद्दपार झालेला डेसीमीटर अशा रीतीने दुधाच्या पिशवीत शिल्लक आहे. धरणांच्या साठ्याच्या बातम्यांत दिसणारा "दलघमी", म्हणजे दशलक्ष घनमीटर, हा शंभर मीटर बाजूचा घन आहे, म्हणजे घन हेक्टोमीटर.

पावसाचे मिलीमीटर यातूनच उलगडतात. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर ०.००१ मीटर उंचीचे पाणी, म्हणजे ०.००१ घनमीटर, म्हणजे एक लीटर. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला, ते ०.९४४ मीटर होतात, म्हणजे पाणी कुठेही न वाहता साचले असते तर माणसाच्या कमरेच्या आसपास आले असते, आणि प्रत्येक चौरस मीटरवर ९४४ लीटर पडले. ८० चौरस मीटरच्या गच्चीवर २५ मिमी पाऊस झाला तर २००० लीटर पाणी मिळू शकते. पागोळीखाली टाकी ठेवणाऱ्याला एवढा गुणाकार पुरतो.

हाताने सोडवून पाहण्यासाठी

पुढील सात प्रश्न गणकयंत्राशिवाय सोडवावेत आणि प्रत्येक उत्तरापुढे संख्या वाढायला हवी होती की घटायला, हे आधी लिहावे.

१. ४ किमी ७ मी हे अंतर किलोमीटरमध्ये लिहा.
२. ३२ मायक्रोमीटर म्हणजे किती मिलीमीटर?
३. १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर ६.२ सेमी भरणारे अंतर प्रत्यक्षात किती किलोमीटर आहे?
४. १२ मीटरच्या सळईतून ११५० मिमीचे किती तुकडे निघतील आणि किती सेंटीमीटर उरेल?
५. ०.४ चौरस मीटर म्हणजे किती चौरस सेंटीमीटर?
६. सातबारावरील ०.८१.२५ ही नोंद चौरस मीटरमध्ये लिहा.
७. ११० चौरस मीटरच्या छपरावर ६५ मिमी पाऊस पडला, तर पाणी किती लीटर?

उत्तरे अनुक्रमे अशी आहेत : ४.००७ किमी, ०.०३२ मिमी, १.५५ किमी, १० तुकडे आणि ५० सेमी, ४००० चौरस सेंटीमीटर, ८१२५ चौरस मीटर, ७१५० लीटर. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ४.७ किंवा ४.०७ आले असेल तर पाच मीटर आठ सेंटीमीटरचा परिच्छेद पुन्हा वाचावा, आणि पाचव्याचे ४० आले असेल तर एक चौरस मीटरचा चौरस खडूने फरशीवर काढून त्याच्या कोपऱ्यात एक सेंटीमीटर बाजूचा चौरस आखून पाहावा.